साक्री रोडवरचं आप्पांचं हॉटेल: शेवभाजी एक नंबर, आतल्या बातम्या तपासून मिळतील

धुळ्याहून साक्रीकडे निघालं की सुरत हायवेवर डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. बोर्डावर नाव-बिव काही नाही, ऑइलपेंटने नुसतं 'शेवभाजी, चहा, रविवारी दालबट्टी' एवढंच लिहिलंय, त्यामुळे ट्रकवाल्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळे त्याला आप्पांचं हॉटेल म्हणतात. जेवायला जाणारे भरपूर आहेत पण मी हे लिहितोय ते तिथल्या दुसऱ्या मालासाठी, म्हणजे आतल्या बातम्या. चंद्रावर कोणी गेलंच नाही, नोटेत चिप होती, पवनचक्क्या पाऊस पळवतात, सगळं सेटिंग आहे भो, असला माल आपल्या खान्देशात कुठल्याही पारावर फुकट मिळतो, पण तो तपासून देणारं हॉटेल मी तरी हे एकच बघितलंय.

आधी पोटाचं सांगून टाकतो. शेवभाजी खरंच चांगली आहे, शेव जाड आणि लसणाची, आणि मुख्य म्हणजे ती ताटात येताना रश्श्यात पडते, आधीपासून टाकून तिचा लगदा करून ठेवत नाहीत. कांदा-खोबरं पार काळं होईपर्यंत भाजलेलं, वर तर्री, नाकातोंडातून पाणी येईल इतकं तिखट, सांगितलं तर कमी करतात पण तोंड वाकडं करून. कळण्याची भाकरी असते पण दुपारी दोनच्या पुढे संपलेली असते. भरीत थंडीत मिळतं, ते ठीकठाक, जळगावकडच्या माणसाने मागवू नये, उगाच वाद होतो. चहा फार गोड.

आता वही. गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची खतावणी ठेवलेली असते. पुढून उघडली तर गिऱ्हाइकांची उधारी, आणि उलटी करून मागून उघडली तर बातम्यांची उधारी. रकाने आखलेले: तारीख, कोण बोललं, काय बोललं, आणि शेवटी 'जमा', म्हणजे बातमी खरी निघाली. नियम असा की इथे बसून कोणी 'आतली बातमी' सांगितली की ती त्याच्या नावावर येणं म्हणून लिहायची, पुढच्या आठवडी बाजारापर्यंत त्याने पुरावा आणायचा, मोबाइलवरचा फॉरवर्ड आणि युट्यूबवाला बाबा पुरावा म्हणून चालत नाही, आणि नाही आणला तर त्या वेळी जेवढी माणसं बाकावर बसलेली असतील तेवढ्यांचा चहा त्याच्या खात्यात. आप्पा एका वाक्यात निकाल देतात, 'पुरावा शे का? नही ना? मंग चहा सांग.' मी पतसंस्थांच्या ऑडिटच्या कामात असतो, दिवसभर व्हाउचर शोधायचा धंदा, त्यामुळे मला ही वही बघून पहिल्यांदा भरून आलं होतं खरं सांगतो.

वहीतलं सगळ्यात गाजलेलं पान नानांचं आहे. नाना म्हणजे कापूस व्यापारी, माणूस एकदम सोन्यासारखा पण ऐकलेलं सगळं खरं मानणारा. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि नवीन गुलाबी नोट हातात यायच्या आधी बातमी आली की दोन हजारच्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीत १२० मीटर खोल पुरली तरी सॅटेलाइटला दिसते. टीव्हीवाल्यांनी पण दाखवलं होतं, नुसत्या व्हॉट्सअॅपला दोष देऊन उपयोग नाही. गुरुजींनी (हे हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेत, त्यांची जागा खांबाला टेकून, ती कोणी घेत नाही) नानांना एकच विचारलं, तुमच्या मोबाइलचं जीपीएस चालू ठेवलं तर बॅटरी किती वेळ टिकते? मग या नोटेला बॅटरी कुठंय? जीपीएस मुळात फक्त सिग्नल घेतं, पाठवत नाही, पाठवायला वेगळा ट्रान्समीटर लागतो आणि त्याला पॉवर लागते, आणि वर शंभर मीटर माती असेल तर सिग्नल बाहेर पडायचा कसा. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हणून सांगितलं तरी नाना म्हणाले ते तसंच सांगणार. शेवटी २०२३ च्या मे महिन्यात ती नोटच मागे घेतली, तेव्हा नानांनी परत एक चहा हरला कारण आता त्यांचं म्हणणं होतं की चिपा परत गोळा करायला नोटा बोलावल्या.

चंद्राचं प्रकरण तर दर सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन पोरगं उकरून काढतं. झेंडा हलतो कसा, हवा नाही ना तिथे. अरे बाबा त्या झेंड्याला वरून आडवी दांडी होती, नाहीतर तो लटकून राहिला असता, आणि काठी हलवली की कापड हलणारच, उलट हवा नाही म्हणून थांबायला वेळ लागतो. पण आप्पांचा प्रश्न याहून भारी असतो, की किती माणसांनी गप्प बसायला पाहिजे? अपोलोच्या कामाला चार लाखांच्या आसपास माणसं होती, १९६९ ते १९७२ मध्ये बारा माणसं चंद्रावर उतरली, ३८२ किलो दगडमाती आणली ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली, तिथे ठेवलेल्या आरशांवर अजून लेझर मारून अंतर मोजतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट रशिया. रशिया तेव्हा कान लावूनच बसलेला होता, अमेरिका खोटं बोलतीय असं एक टक्का जरी वाटलं असतं तरी त्याने ढोल वाजवले असते. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या नऊ मेंबरांची मीटिंग संपून चपला घालेपर्यंत आत काय झालं ते चौकात कळतं, आणि इथे चार लाख लोक अर्धं शतक गप्प?

पण (आणि हे हॉटेल मला आवडायचं हेच कारण आहे) तिथे 'सगळं खोटं असतं' असं म्हणणाऱ्याला पण चहा बसतो. एकदा एक एमआर पोरगा, एकदम हुशारीत, म्हणाला कटबिट काही नसतं हो, अडाणी लोकांच्या गोष्टी आहेत. आप्पांनी लगेच वही उलटी केली आणि 'जमा' भरलेली पानं दाखवली. त्यात तेलगी होता. १९९८ साली कोणी सांगितलं असतं की नाशिकच्या सरकारी प्रेसमधली भंगारात काढलेली मशिनरी विकत घेऊन एक माणूस खोटे स्टॅम्प पेपर छापतोय आणि ते बँकांना नि इन्शुरन्स कंपन्यांना विकतोय, तर त्यालाच येड्यात काढलं असतं. २००१ ला तो पकडला गेला, पुढे ३० वर्षांची शिक्षा झाली. फोक्सवॅगन पण होतं त्या पानावर. गाडी टेस्टिंगच्या रोलरवर उभी आहे की रस्त्यावर आहे हे सॉफ्टवेअरच ओळखायचं आणि टेस्ट असेल तेवढ्यापुरता धूर साफ सोडायचं, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, २०१५ ला बाहेर आलं. (यावर बाकावरचा एक ड्रायव्हर म्हणाला एवढं सॉफ्टवेअर कशाला, आपल्याकडे गाडी न नेता पीयूसी मिळते. त्याचं कोणी वहीत लिहिलं नाही, सगळ्यांना माहितीच होतं.) आणि बल्बचं, १९२४ ला जिनिव्हात बल्ब कंपन्यांनी ठरवून घेतलं की बल्ब हजार तासांच्या वर टिकायला नको, ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड. ओसराम, फिलिप्स सगळे त्यात. त्याचे कागद आहेत.

आता ही तिन्ही जोडून बघा. भंगार मशीन, धुराचा आकडा, बल्बचे तास. किती बोअर आहे ना? जगावर राज्य करायचा प्लॅन नाही, पिरॅमिड नाही, डोळा नाही. दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून थोड्या लोकांनी केलेलं, आणि प्रत्येकाला आपला वाटा मिळतोय म्हणून गप्प. माझा धंद्यातला अनुभव पण हाच आहे. आपल्याकडे पतसंस्था बुडाल्या तेव्हा आधी लोक काय म्हणत होते? संचालकांनी सोयऱ्यांनाच कर्जं वाटली. शिकलेले म्हणायचे अफवा आहे. कर्जखात्यांची यादी काढली की आडनावं बघूनच कळायचं. जळगावच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याचं बघा, २००६ ला फिर्याद आणि २०१९ ला धुळ्याच्याच विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी धरलं, पुढची अपिलं वेगळी, पण तेव्हाही मूळ बातमी टेंडर, ॲडव्हान्स, बिल असल्या शब्दांचीच होती. ऐकताना झोप येत असेल तर बातमी खरी निघायचा चान्स जास्त, असं मी तरी मानतो.

पवनचक्कीवर तर त्या वहीत सलग कितीतरी पानं आहेत आणि ते साहजिक आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे डोंगरावर पाती फिरताना दिसतात आणि खाली विहिरी कोरड्या. कोणालाही वाटेल की हिनेच ढग पळवले. मी स्वतः एका शेतकरी काकांना सांगताना ऐकलंय, डोळ्यांनी बघितलं भाऊ, ढग आला, पातं फिरलं, ढग गेला. त्या माणसाला हसून चालत नाही, त्याने खरंच बघितलंय. गुरुजींनी त्या दिवशी स्टीलच्या ग्लासाने नकाशा काढला, टेबलावर पाणी सांडून, हा सह्याद्री, हे घाटमाथे, अरबी समुद्राकडून येणारा वारा इथे वर चढतो, पाऊस पलीकडे टाकतो, आणि आपल्या बाजूला उतरतो तो कोरडा. म्हणजे हा पर्जन्यछायेचा पट्टा पवनचक्की यायच्या आधीपासूनच. आणि कंपनीवाल्याने पवनचक्की कुठे लावायची? जिथे वारा जास्त तिथेच ना. म्हणजे एकाच जागेला वारा पण जास्त आणि पाऊस पण कमी, चक्की नंतर आली. त्यात चक्कीचा खांब शंभर मीटरच्या आसपास नि पावसाचा ढग बऱ्याचदा त्याच्या कितीतरी वर. काकांनी विचारलं, मग ज्या गावात चक्की नाही तिथे पाऊस पडला का? गुरुजी म्हणाले तुम्हीच सांगा. काका विचार करून म्हणाले, नाही पडला. चहा मात्र त्यांच्याकडून घेतला नाही आप्पांनी. पण जमिनीचा मोबदला कोणाला किती मिळाला, कोणाच्या सह्या कशा घेतल्या, हा विषय निघाला तेव्हा आप्पा म्हणाले, हे वेगळ्या पानावर लिहा, हे होऊ शकतं.

कपाशीचं तसंच अर्धं-अर्धं निघालं. नानांची थिअरी: बोंडअळी कंपनीनेच सोडली, नवीन बियाणं खपवायला. बीटी कापूस (बोंडअळीला मारणारा जीन घातलेला) २००२ ला आला, २००६ ला दोन जीनवालं आलं, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कपाशी खाऊन टाकली हे सगळ्यांनी भोगलंय. पण अळी सोडायची गरजच काय होती? बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅमबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या कपाशीची, ती बांधाच्या कडेने लावायची म्हणजे अळीला बीटी नसलेलं खायला मिळतं आणि तिची पुढची पिढी औषधाला निर्ढावत नाही. ती पुडी कोणी लावली? बाकावर एकानेही हात वर केला नाही. एकाने सांगितलं आम्ही ती फेकून द्यायचो, उत्पन्न कमी येतं म्हणून. त्यात हंगाम संपला तरी फरदड (तीच झाडं ठेवून पुढची वेचणी) घ्यायची लालूच, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण. कंपनीने, दुकानदाराने कोणी नीट समजावून सांगितलं नाही हेही खरंच आहे. तर 'कंपनीने अळी सोडली' याला चहा बसला. पण त्याच संध्याकाळी 'चोर बीटी (परवानगी नसलेलं बियाणं) गुजरातकडून रात्री येतंय आणि सगळ्यांना माहिती आहे' या वाक्याला आप्पांनी पुरावा मागायच्या आधी दोघांनी मान खाली घातली. ते जमा.

सुभाषबाबूंवरून मात्र हॉटेलात अजून दोन पार्ट्या आहेत. १८ ऑगस्ट १९४५ ला तैवानला विमान पडलं, शाहनवाज समिती आणि खोसला आयोग दोघांनीही तेच मान्य केलं, मग मुखर्जी आयोगाने २००५ ला अमान्य केलं, सरकारने मुखर्जी आयोगच अमान्य केला. गुमनामी बाबावाला पक्ष, म्हणजे उत्तर प्रदेशातला तो साधूच सुभाषबाबू होते म्हणणारे, त्यावर जोर धरतो. मला स्वतःला विमान अपघातच पटतो. पण त्याच प्रकरणातली छोटी गोष्ट बघा, बोस कुटुंबावर आपल्याच सरकारच्या गुप्तचर खात्याने स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं पाळत ठेवली होती, पत्रं उघडून वाचत होते, हे २०१५ ला फाइलींतून बाहेर आलं. म्हणजे मोठी बातमी सिद्ध होत नाही आणि शेजारची बारीक बातमी पक्की निघते. म्हणून माणूस खुळा आहे असं ठरवून त्याचं सगळंच फेकून देऊ नये, एकेक वाक्य वेगळं काढून बघावं लागतं.

आता उणं काय ते पण सांगतो, नाहीतर आप्पांनी पैसे दिले म्हणाल. एक, कागदावर फार विश्वास. तेलगीचा तर कागदच खोटा होता आप्पा. आणि कागद नाही म्हणजे घडलंच नाही असं पण नसतं, सीआयएने माणसांवर गुंगीच्या औषधांचे प्रयोग केले त्याच्या बहुतेक फाइली १९७३ ला नष्ट करून टाकल्या, थोड्या दुसरीकडे राहून गेल्या म्हणून कळलं. दुसरं, 'गुपित टिकत नाही' हे गुरुजींचं लाडकं वाक्य. टस्कीगीचं काय मग? अमेरिकेत सरकारी आरोग्य खात्याने शेकडो काळ्या माणसांचा गुप्तरोग मुद्दाम बरा न करता नुसता बघत बसायचं काम १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं केलं. मी हे काढलं तेव्हा गुरुजी जरा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, पण ते गुपित नव्हतंच रे, डॉक्टर लोक त्यावर मासिकांत लेख छापत होते, ज्यांच्यावर चालू होतं त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. हे मला पटलं. पण मग वाक्य बदला ना, अजून तसंच वापरतात. तिसरं, ईव्हीएमचा विषय निघाला की आप्पा टीव्हीचा आवाज वाढवतात, धंदा आहे, दोन्हीकडची माणसं जेवायला येतात. समजतं, पण मार्क कापणार.

वहीत एक पान मात्र चहाच्या हिशोबात नाही. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाडा. ते याच साक्री तालुक्यात. मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून आठवडाभर मोबाइलवर मेसेज फिरत होते, आणि बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची मंगळवेढ्याकडची माणसं, लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ, मोटारसायकलवरून पोराला उचलून नेतात तो, तर कराचीतल्या एका मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता, शेवटी पोराला परत सोडतात तेवढा भाग काढून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड असं केलं. आप्पांनी तेव्हापासून नियम केलाय की जी बातमी कोणाच्या अंगावर हात टाकायला सांगते, अमुक जातीचे, अमुक वेशाचे लोक आले तर धरा म्हणते, ती वहीत लिहायचीच नाही, तिला बाजारापर्यंत मुदत पण नाही. सांगणाऱ्याला ते तिथल्या तिथे विचारतात, कोनी सांगं तुले? त्याचं नाव सांग. मग त्याला फोन लावायला लावतात, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. तो म्हणतो मला अमक्याने पाठवलं, त्याला पण फोन. मी बसलो असताना एकदा असं झालं होतं, किडनी काढणारे लोक शेजारच्या गावात आलेत म्हणून, तिसऱ्या फोनला समोरचा म्हणाला मी तर नुसतं पुढे ढकललं, मी वाचलंच नाही. ज्या पोराने विषय काढला होता तो मान खाली घालून बसला, आप्पांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, बाकी एक शब्द बोलले नाहीत. चंद्र, नोट, बल्ब या गोष्टी चुकल्या तर चहा जातो, पण इथे माणसं गेलीत, आणि हा फरक कळणारा हॉटेलवाला मला दुसरा माहिती नाही.

बारीकसारीक अजून. टरबुजाला इंजेक्शन देऊन लाल करतात याला चहा बसलेला आहे (भोक पाडलेलं टरबूज उन्हात किती टिकेल?), केळी कार्बाइडवर पिकवतात हे जमा आहे, बंदी असून चालतं, म्हणून आप्पा रावेरकडून रायपनिंग चेंबरमधली इथिलीनवर पिकवलेली केळी घेतात आणि तसं सांगतात पण. लस टोचून नस बंद करतात यावर कोविडच्या वेळी खूप भांडणं झाली, तिथे कोणीतरी पाकिस्तानातलं अबोटाबादचं काढलं, सीआयएने लादेनचा माग काढायला खरोखर खोटी लसीकरण मोहीम चालवली होती, ते खरंच आहे, आणि त्यामुळे तिकडे पोलिओवाल्यांना किती भोगावं लागलं तेही खरं. म्हणून लगेच आपल्या आशाताईच्या हातातल्या लसीत काही असतं असं होत नाही. यावर आप्पांनी स्वतःचा दंड दाखवला, दोन्ही डोस घेतलेत म्हणून, आणि ते चार नातवंडांचे आजोबा असल्याने त्यांचा मुद्दा नक्की काय सिद्ध झाला कळलं नाही पण सगळे हसले.

जायचं असेल तर संध्याकाळी सहाच्या पुढे जा, दुपारी नुसते जेवणारे असतात, वही बंद असते. शेवभाजी भाकरीसकट शंभर-सव्वाशेच्या आत होते. फोन पे चालतं पण रेंज नाही, रोख ठेवा. पार्किंग म्हणजे समोरची मोकळी जागा, ट्रकच्या मागे लावू नका, निघताना अडकाल. फॅमिलीसाठी आतली खोली आहे, स्वच्छ आहे, बाथरूमचं मात्र काही खरं नाही. जेवणाला चार स्टार, वहीला साडेचार, चहाला दोन, कारण हरलेल्याच्या पैशांचा असला तरी एवढी साखर चालत नाही.